डुकराचा फ्लेक्स लागत नाही

वाघ, बिबटे, लांडगे किती असावेत हे शास्त्रज्ञांवर सोडून चालणार नाही, असं बुलढाण्यातल्या शिकारशौकीन मंडळींचं ठाम मत आहे. शास्त्रज्ञ कॅमेरे लावून पट्टे मोजत बसतात. शिकाऱ्याचं गणित सोपं : समोर दिसला तो जास्तीचा.

या पंथाला लोकप्रतिनिधीही लाभले आहेत. १९८७ साली आपण वाघ मारला आणि गळ्यात आहे तो त्याचाच दात, असं बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅमेऱ्यासमोर सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, म्हणजे तेव्हाही वाघ मारणं गुन्हाच. वनखात्याने दात जप्त केला, गुन्हा नोंदवला आणि दात तपासणीला डेहराडूनला पाठवला. तपासात एवढा लोकसहभाग वनखात्याच्या वाट्याला क्वचितच येतो!

आता वाघांची ‘बेसुमार’ वाढ पाहा. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ वाघ १३०० किलोमीटर पायपीट करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०५ चौरस किलोमीटर जंगल, पण गड्याला वाघीण काही मिळाली नाही. तिला कुठून आणायचं, यावर बैठका तेवढ्या झाल्या. या ब्रह्मचाऱ्याची संख्या नियंत्रणात कशी ठेवायची, हे मंडळींनीच सांगावं.

लांडग्यांचं ‘व्यवस्थापन’ तर इंग्रजांनीच उरकून ठेवलं आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेल्याचा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळे. आज देशात उरलेत सुमारे तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. तरी पारावर लांडगे फार माजल्याची चर्चा आहेच. माळरानावर मेंढपाळाचं कोकरू जातं तेव्हा त्याचं नुकसान खरं असतं. पण त्याला हवी असते वेळेवर भरपाई. बंदूकवाल्याचं भाषण नव्हे.

शेतकऱ्याला विचाराल, तर त्याचा वैरी वेगळाच. हरभऱ्यात रोही, मक्यात रानडुकरं आणि कडाक्याच्या थंडीत रात्रभर जागली. डुकरांची पिल्लं उचलायला बिबट्या आणि लांडगा येतात ते बिनपगारी. ना अर्ज, ना पंचनामा, ना मानधन. नेमक्या याच कामगारांची कपात करा, असा शिकाऱ्यांचा आग्रह आहे.

पीक खाणारं रानडुक्कर रीतसर परवानगी काढून मारता येतं. म्हणून आम्ही मंडळींना आमंत्रण धाडलं : या, मचाण आमचं, घोंगडी आमची, चहाही आमचा. एकही जण फिरकला नाही. शेवटी एका ज्येष्ठ नेमबाजाने अडचण बोलून दाखवली, “भाऊ, डुक्कर मारल्याचा फ्लेक्स लागत नाही ना!”