आमचे ओलासुका काका

पनवेलमधल्या कुठल्याही सोसायटीत जा. जुन्या पनवेलातली तीन मजली असो, खांदा कॉलनीतली असो, नाहीतर विमानतळाच्या भरवशावर उभा राहिलेला नवा टॉवर असो; फाटकाशी वॉचमन, जिन्याखाली धूळ खाणारी सायकल आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी एक काका, या तीन गोष्टी ठरलेल्या. वॉचमन कधी कधी जागेवर नसतो. काका असतातच.

आमच्या काकांचं आडनाव मेंटेनन्सच्या पावतीपुरतं. एरवी ते ओलासुका काका. साठी उलटलेली, नोकरी तळोज्याच्या एमआयडीसीत, म्हणजे उभं आयुष्य रसायनांत गेलेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली आणि बातमी देशभर गाजली. कारखान्याचं रंगीत सांडपाणी कासाडी नदीत उतरलं होतं. वाल्याचा वाल्मीकी व्हायला नारदमुनी लागले. काकांना एक निळं कुत्रं पुरलं.

काकांचा दिवस वडाळे तलावाच्या फेऱ्यांनी सुरू होतो आणि घंटागाडी आली की खरा रंगात येतो. ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, ट्यूबलाइट, बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधं वेगळी, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर खूण करून. हे पाठांतर सोसायटीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. सरमिसळ केलेली पिशवी दिसली की काका ती उघडतात. आत कुरियरच्या खोक्यावर पत्ता असतोच. पोलिसांना जो तपास महिनाभर लागत नाही, तो काका सकाळच्या चहाआधी लावतात. मागे भर श्रावणात ओल्या कचऱ्यात कोंबडीची हाडं निघाली. काकांनी नाव फोडलं नाही. ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘हाडं खतात लवकर कुजत नाहीत. निदान श्रावणात तरी वेगळी ठेवावीत.’ त्या दिवशी तीन घरांनी लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघणं टाळलं.

काका नोटिसा लावतात त्या पाठकोऱ्या कागदावर. ‘घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा’ ही नोटीस त्यांनी भाच्याच्या पत्रिकेच्या झेरॉक्सच्या पाठीवर छापली होती. नियम कोणी वाचला नाही. मंगळ मात्र सगळ्यांनी पाहिला आणि दोघीतिघींनी स्थळंही सुचवली.

तरी खताचा ड्रम आला. पहिल्या आठवड्यात लोकांनी उत्साहानं त्यात उरलेलं वरण, ताक आणि रस्सेही ओतले. दुसऱ्या आठवड्यात वासानं तळमजल्याची दारं बंद झाली. काकांनी ड्रममध्ये हात घालून निदान केलं. ओलं जास्त झालंय, हवा खेळत नाहीये, म्हणून कुजण्याऐवजी सडतंय. एक भाग ओल्याला तेवढाच सुका पाला टाका, दोन दिवसांनी खालीवर करा, वास जाईल. निदान अचूक होतं. पण ते सभेत सांगताना काका पुढे गेले, “आणि त्या अळ्यांना घाबरू नका. त्या आपल्या मित्र आहेत.”

सेक्रेटरी म्हणाले, “काका, मग त्यांच्याकडून मेंटेनन्सही घ्या.”

वास आठवड्यात गेला. पावसाळ्याआधी काळंभोर, मातीचा वास येणारं खत निघालं आणि ज्यांनी नाकाला रुमाल लावला होता, तेच कुंड्या घेऊन रांगेत उभे राहिले. काकांनी कुणाला बोल लावला नाही. फक्त प्रत्येकाला खत देताना अळ्यांची आठवण करून दिली.

पाणी हा काकांचा हळवा विषय. माथेरानच्या डोंगरातून येणाऱ्या गाढी नदीवर देहरंगचं धरण आहे. पावसाळ्यात ते ओसंडतं आणि गाळानं भरल्यामुळे उन्हाळ्यात तळ दाखवतं. जुलैत गुडघाभर पाण्यातून रिक्षा शोधायची आणि मेमध्ये टँकरची वाट बघायची, असे पनवेलकरांचे दोन मुख्य ऋतू. काकांचा हिशेब सरळ आहे. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो, म्हणजे दहा मिनिटांत शंभरेक लिटर. बादली वीस लिटरमध्ये माणूस स्वच्छ करते. बादलीच्या आंघोळीत गाण्याचा मुखडा बसतो, अंतरा बसत नाही, एवढाच तोटा. आरओचं यंत्र एक लिटर पाणी शुद्ध करताना दोन-तीन लिटर बाहेर सोडतं. काकांच्या घरी त्या नळीखाली बादली असते. ते पाणी लादी पुसायला आणि संडासात. कुंड्यांना नाही, क्षार फार असतात. हे ज्ञान ते दार वाजवून देतात. त्यामुळे मे महिन्यात त्यांची बेल वाजली की आतून आधी नळ बंद केल्याचा आवाज येतो, मग कडी.

विजेच्या बाबतीत ते सरकारपेक्षा कडक. एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी चोवीस अंशांवरच सुरू होतात, हे ते पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगतात. लिफ्ट वापरत नाहीत. सातव्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढतात. वर पोचेस्तोवर व्याख्यान देण्याइतका दम उरत नाही, हा जिन्याचा सोसायटीला झालेला मोठा आरोग्यलाभ.

बाजारात काका कापडी पिशव्या घेऊन जातात; पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. राज्यात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा लोक पिशव्या शोधत होते, काका भाव खात होते. मासळीसाठी ते स्टीलचा डबा नेतात. कोळीण तो वर करून बघते, “काका, या डब्याचं वजन पन लावू काय?” काका हसतात, पण डबा आधी काट्यावर ठेवून शून्य करून घेतात. पहिल्या पावसानंतर टाकळा, शेवळं, कंटोळी घेऊन बसलेल्या आदिवासी बायकांशी ते घासाघीस करत नाहीत. खत नाही, फवारणी नाही, लांबचा प्रवास नाही, वर कशाला भाव पाडायचा, हे त्यांचं म्हणणं. तेल आणि साबण आणायला ते एसटीनं कर्नाळ्याच्या पुढे तारा गावी जातात. तिथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे, घाण्याचं तेल मिळतं. जाताना सगळ्या विंगांच्या बाटल्या घेऊन निघतात आणि कंडक्टरला दर वेळी समजावतात की आपण विक्रेते नाही.

एका बाबतीत मात्र काका माणसात येतात. झाडूवाल्यानं पालापाचोळा पेटवला तर त्याच्यावर आभाळ कोसळतं. पण थंडीत वालाच्या शेंगा तयार झाल्या की काका स्वतः शेतावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, बटाटे, मडकं उपडं आणि वर पेंढ्याचा जाळ. “तेल नाही, पाणी नाही, प्लास्टिक नाही,” काका डोळे चोळत सांगतात. पोपटीच्या धुराला त्यांच्या नियमावलीत सूट आहे.

काकूंचं मत वेगळं आहे. टाकायचं नाही, पुन्हा वापरायचं, या तत्त्वामुळे काकांच्या बाल्कनीत लोणच्याच्या बरण्या, फुटके टब, जुने पडदे आणि एक पाय गेलेली खुर्ची आहे. “अहो, जगाचा कचरा वेगळा करून झाला असेल तर आपला घराबाहेर काढा,” असं काकू म्हणतात. काका ‘उपयोगी पडेल’ म्हणतात. खुर्ची कोणाच्या उपयोगी पडेल, हे अजून ठरायचं आहे.

एवढ्यावर चाललं असतं. पण बी विंगमध्ये दुसरे काका राहायला आले. दोघांचं ध्येय एक, म्हणून पटणं अशक्य. हे सुका पाला म्हणतात, ते कोकोपीट. खाण्यात हे डॉ. दीक्षितांचे, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवणारे. ते दिवेकरांच्या पंथाचे, दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे. यांचा एसी चोवीसवर, त्यांचा सव्वीसवर. ग्रुपवर दोघांचे संदेश इतके लांब झाले की लोकांनी सूचना बंद करून ठेवल्या आणि टँकर येणार असल्याची बातमी त्यात बुडाली. ड्रम कोणी ढवळायचा आणि कोणत्या दिशेनं, यावर पंधरा दिवस चर्चा झाली. ड्रम तेवढे पंधरा दिवस कोणी ढवळला नाही. वास परत आला. शेवटी तळमजल्यावरच्या एका आजींनी न विचारता चार घमेली पाला टाकला आणि काठीनं फिरवला.

तेव्हा निकाल असा : प्रत्येक सोसायटीत एक ओलासुका काका असावेतच, दोन कधीही नसावेत. ते कटकट करतात, पण त्यांनी सांगितलेल्या सवयींना पैसा लागत नाही. दोन डबे, एक बादली, एक पिशवी आणि जिना एवढं पुरतं. तुमच्याकडे काका असतील तर त्यांना चहा पाजा, कपात, कागदी ग्लासात नव्हे. आणि नसतील, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत कचऱ्याबद्दल बोलायला उभं राहण्याआधी नीट विचार करा. ती जागा रिकामी आहे आणि सेक्रेटरी माणूस शोधत आहेत.