म.पू. साडेसात

फोनची भाषा मराठी केली, तर पडद्यावर 'म.पू. ७:३०' उमटलं. क्षणभर वाटलं, कुणी प.पू. महाराजच दर्शन द्यायला आले! मग उलगडलं: मध्यान्हपूर्व. आमच्या घरात असं मराठी आजवर कुणी बोललेलं नाही. आमचा दिवस सकाळ, दुपार, तिन्हीसांजा असाच सरतो, आणि गाडी पावणेतीनला असते.

तारखेचं तर विचारूच नका. ०५/०६ म्हणजे आपली ५ जून, अमेरिकेची ६ मे. बारा तारखेपर्यंत घोळ कळतही नाही. बिंग फुटतं ते तेराव्यालाच. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा तोडगा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ सालीच काढून ठेवलाय. तो आपल्या दारी पोचेपर्यंत लग्नपत्रिकेत महिना अक्षरांतच छापा.