हनुवटीचे रक्षण

साथीच्या काळात मुंबईकरांनी प्रयोगातून सिद्ध केलेली एक गोष्ट वैद्यकशास्त्र अजून मान्य करत नाही, हे खेदजनक आहे: कोरोनाचा विषाणू हनुवटीतून शरीरात शिरतो. एरवी इतक्या सुज्ञ नागरिकांनी नाक-तोंड उघडे टाकून नेमकी तेवढीच का झाकली असती? फोनवर बोलताना मास्क खाली, आणि शिंकताना तर हटकून खाली, कारण मास्क खराब होतो. तो वर चढे तो कोपऱ्यावर क्लीन-अप मार्शलची वर्दी दिसली की. २०० रुपयांची पावती खिशात पडली की पुन्हा खाली. पावतीने आलेली प्रतिकारशक्ती निदान संध्याकाळपर्यंत टिकत असावी.

काही डॉक्टर म्हणतात, विषाणूला वर्दीबिर्दी कळत नाही. सरकारी शिस्त त्याला कळत नसती, तर २२ डिसेंबर २०२० पासून महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी पुकारून त्याची पाळी कशी लावता आली असती? दुसरा आक्षेप, सवय एवढ्यात मोडायला नको होती. पण २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला, राज्यात मास्क ऐच्छिक झाला. जागतिक आरोग्य संघटनेला आणीबाणी उठवायला ५ मे २०२३ उजाडला. जिनिव्हात पंचांग मिळत नाही, त्याला आपण काय करणार? राहता राहिली पुढची साथ. तेव्हा लस दंडात न टोचता थेट हनुवटीत टोचावी. नाकाला मात्र कोणी हात लावू नये. त्याला इतरांच्या कामात खुपसायचे असते.