व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

"ताई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्या काकांकडे काल रात्री चांगलीच जुंपली होती म्हणे."

वहिनी भिंतीला कोपर टेकून बोलायला लागल्या, की नाशिकच्या द्वारका सर्कलवरच्या हॉर्नचंही काही चालत नाही. मी पाइप झाडाच्या बुंध्याशी टाकला आणि भिंतीजवळ गेले.

"कोणाकोणात? काका-काकूंमध्ये?"

"छे हो! काका आणि न्यू जर्सीचा मुलगा. फोनवर. तो यंदा अमेरिकेचा नागरिक झाला ना, तर म्हणतो, तुमच्या दोघांच्या ग्रीन कार्डाचे कागद टाकतो. काका म्हणाले, नको. झालं! आता मला सांगा, अख्ख्या देशाचे पासपोर्ट जिथे छापतात, त्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये ज्यांची सगळी नोकरी गेली, त्यांनी स्वतःचा पासपोर्ट काढला तो रिटायर झाल्यावर. आणि आता ग्रीन कार्ड चालून आलंय, तर म्हणे नको!"

"चालून आलंय हे मात्र खरं," मी म्हटलं. "मुलगा नागरिक असला आणि एकवीस पूर्ण असला, की आईवडिलांना रांग नसते. वर्षाला अमुक इतकेच, असा आकडाही नाही. मुलाची कमाई पुरेशी आहे एवढं दाखवायचं आणि उद्या यांचा खर्च मी करीन असं लिहून द्यायचं. तेच तो नुसता एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असता किंवा त्याच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असतं, तर आईवडिलांसाठी अर्जच करता आला नसता."

"म्हणजे आपले ओझरचे एचएएलवाले…?"

"त्यांचा मुलगा स्वतःच ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. भारतात जन्मलेल्यांची ती रांग काही केल्या सरकत नाही. आधी त्याचा नंबर लागेल, मग पाच वर्षांनी नागरिकत्व, मग आईवडील. तोवर एचएएलवाल्यांनी टुरिस्ट व्हिसावरच ये-जा करायची."

"पण तो व्हिसाही दहा वर्षांचा असतो की! मुंबईला दोनदा खेटा घालायचा, एकदा बोटांचे ठसे द्यायला आणि एकदा बीकेसीला मुलाखतीला, आणि मग दहा वर्षं बघायला नको. मागच्या गल्लीतल्या त्या रिटायर्ड बाई तर सांगत होत्या, आता मी कितीही राहू शकते."

"तिथेच सगळे फसतात, वहिनी. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं त्यांच्या दारापर्यंत जायची मुभा. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने. ती तारीख आय-नाइंटीफोरवर असते. पूर्वी त्याचा कागद पासपोर्टात टाचून द्यायचे, आता नेटवर जाऊन बघावा लागतो. बाईंनी व्हिसावरची तारीख बघितली असणार, ही नाही."

वहिनींनी आवाज खाली आणला. "म्हणूनच का त्या गेल्या वेळी घाईघाईने परत आल्या? आम्हाला सांगितलं, सुनेशी पटलं नाही."

"ते मला माहीत नाही. पण तारीख उलटून एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त काढले आणि मग बाहेर पडलं, तर तीन वर्षं जायचं नाव नको. वर्षभर किंवा जास्त काढलं, तर दहा वर्षं. खरंच राहायची गरज पडली, बाळंतपण लांबलं, काही दुखलंखुपलं, तर मुदत संपायच्या आत वाढवून मागता येते. पण सहा महिने राहायचं, महिनाभर द्वारकेला तोंड दाखवायचं आणि पुन्हा सहा महिन्यांसाठी जायचं, असं चाललं की अधिकारी विचारतोच, आजी, तुम्ही नक्की राहता कुठे?"

"मग काकांनी ग्रीन कार्ड घेतलेलंच बरं की! ही कटकटच नको."

"त्या कार्डाची कटकट उलटी आहे. व्हिसावाल्याला विचारतात, इतके दिवस इथे का राहिलात? कार्डवाल्याला विचारतात, इतके दिवस बाहेर का होतात? ते कार्ड अमेरिकेत कायम राहणाऱ्यासाठी आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की प्रश्न सुरू. वर्षाच्या वर गेलात, तर त्या कार्डावर परत आत जाता येत नाही. जास्त दिवस इकडे यायचं असेल, तर निघण्यापूर्वी, तिथे असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. ते मिळतं जास्तीत जास्त दोन वर्षांचं."

"अगं बाई! आणि काका तर म्हणत होते, 2027 चा सिंहस्थ इथेच करणार. रामकुंडावरच्या सेवेकऱ्यांत नाव घालायचं म्हणत होते."

"सिंहस्थ, मग गावाकडची जत्रा, मग भाचीचं लग्न, मग काकूंचा गुडघा. वर्ष कसं सरतं कळत नाही. काकांना ते बरोबर उमगलंय. मुलाला वाटतं, कार्ड घेऊन ठेवावं, कधीतरी उपयोगी पडेल. पण ते कपाटात ठेवून टिकणारं नाही."

वहिनींना हे पटलं नसावं. "पण दवाखान्याचं काय? अमेरिकेत म्हाताऱ्यांना सरकार बघतं म्हणतात."

"मेडिकेअर म्हणताय तुम्ही. पासष्टीच्या पुढे आहे ते, पण आपल्यासारख्यांना आधी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथे काढावी लागतात. शिवाय ज्यांनी तिथे कधी नोकरी केली नाही, त्यांना हॉस्पिटलच्या भागासाठीही दर महिन्याला पैसे भरावे लागतात. तोवर मुलानेच विकत विमा घ्यायचा. आणि व्हिसावर जाताना आपण जो प्रवासी विमा काढतो ना, तो बहुधा जुन्या दुखण्याला हात लावत नाही. काकांचं बीपी, काकूंची शुगर, त्याचं नेहमीचं औषधपाणी सगळं खिशातून. मुलगा काकांशी ग्रीन कार्डावर भांडला, त्यापेक्षा दोघांनी मिळून विम्याचे कागद वाचले असते तर बरं झालं असतं."

"आणि पेन्शन? ती तरी सुखरूप राहते ना?"

हा विषय माझा. बँकेत पेन्शनच्या काउंटरला बसलेय मी. "पेन्शन कुठे जात नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला तेवढा द्यायचा, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. 2014 पासून त्याचाच डिजिटल प्रकार, जीवन प्रमाण, आहे, आता तर फोनला चेहरा दाखवूनही होतं. परदेशात असलात तर आपल्या वकिलातीतून करून घेता येतो. पण ग्रीन कार्ड झालं की नवा पाहुणा घरात येतो, अमेरिकेचा इन्कम टॅक्स. काकांची पेन्शन, पोस्टातलं व्याज, इथल्या फ्लॅटचं भाडं, सगळं तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली, तर खात्यांची यादी वेगळी द्यायची. काकांना पासबुक भरून आणायचा कंटाळा, ते यादी कुठून देणार?"

"म्हणजे अमेरिका सोडून बाकी सगळीकडे बरं म्हणा. आमच्या नणंदेची जाऊ कॅनडाला गेली, ती हलतच नाही."

"तिची मुलगी तिथे नुसती पीआर, म्हणजे कायमची रहिवासी, असली तरी चालतं. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे त्यांचा. 2022 च्या जुलैपासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आधी दोनच वर्षं होती. मात्र निघण्यापूर्वी वर्षभराचा, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा हवा, मेडिकल तपासणी हवी आणि मुलीची कमाई त्यांच्या हिशेबात बसली पाहिजे. ज्याला नातवंडांबरोबर सलग राहायचंय, पण गाव सोडायचं नाही, त्याला हा बरा."

"आणि ऑस्ट्रेलिया? आमच्या माहेरचे तिघं भाऊ, धाकट्याचा मुलगा सिडनीला…"

"त्या धाकट्याला मुलं किती?"

"तीन. एक सिडनी, एक पुणे, एक इथेच सातपूरला."

"मग नापास. कायमचं राहायचं तर निम्मी मुलं तरी तिकडे हवीत, असा ढोबळ नियम आहे त्यांचा. दोनातलं एक चालतं, तिनातलं एक नाही. आणि पास झालात तरी पैसे भरून लवकर मिळणारा जो व्हिसा, त्याला माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजायचे आणि रांग दहा वर्षांच्या पुढे. कमी पैशाच्या रांगेत तर तीसेक वर्षं. सत्तरीत अर्ज केला तर कधी जाणार?"

वहिनी बोटांवर हिशेब करत हसल्या. "मग ते कॉलेज रोडचे जोडपे हुशार म्हणायचे. मुलाबिलाच्या भानगडीत न पडता थायलंडला जाऊन राहणार म्हणतात!"

"पन्नाशी पूर्ण असली आणि तिथल्या बँकेत आठ लाख बाथ ठेवले तर रिटायर्ड माणसाला राहू देतात, दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. पण त्यांना भाजी कोण आणून देणार, आजारपणात रात्री कोण धावणार, हे त्या व्हिसात लिहिलेलं नसतं."

"मग काकांनी करावं तरी काय? तुमचं मत काय?"

"माझं मत असं, की आधी कॅलेंडर मांडावं आणि मग अर्ज भरावा. वर्षातले किती महिने कुठे काढायचे, हे काका-काकूंनी दोघांत ठरवावं. द्वारकेचं घर चालू ठेवायचं, दिवाळी इथे, उन्हाळा तिकडे, असं असेल तर टुरिस्ट व्हिसाच योग्य. तोच खरं बोलणारा कागद आहे. उद्या दोघांपैकी एकच मागे राहिलं आणि मुलाकडे कायमचं जायची वेळ आली, तर तेव्हा ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, मुलगा नागरिक आहे तोवर तो रस्ता बंद होत नाही. तेव्हाही वेळ लागेल, पण निदान मन त्याच दिशेने असेल. एक पाय इथे, एक तिथे ठेवून कार्ड सांभाळणाऱ्यांना मी पाहिलंय. नातवंडांपेक्षा तारखाच मोजत बसतात."

"हे काकूंना सांगायला पाहिजे. त्यांना कोणी विचारलंच नाही अजून. त्यांना जायचंय हो, पण काकांशिवाय नाही आणि भजनी मंडळाशिवायही नाही."

"तेही सांगा त्या मुलाला."

वहिनी भिंतीवरून हात काढता काढता थांबल्या. "आमचं बरं बाई. मुलगा हिंजवडीला. ना व्हिसा, ना विमा, शिवशाहीत बसलं की झालं."

"मग गेल्या महिन्यात चार दिवसांतच कशा परतलात?"

"अहो ताई, मुक्काम किती, ते तिकडेही दारातच ठरतं! पोहोचले त्या संध्याकाळी सूनबाईने चहा दिला आणि लगेच विचारलं, 'आई, परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेवू का? नंतर मिळत नाहीत.' मुदत वाढवून मागायचा अर्ज तिच्याकडे नसतो, बरं का!"