अपौरुषेय ओरखडा

वेद कोणी रचले नाहीत, ते आहेतच, अशी आपल्याकडची जुनी श्रद्धा. त्याच पंक्तीत बसवावी अशी दुसरी चीज म्हणजे सर्व्हिसिंगहून परत आलेल्या गाडीवरचा ओरखडा. तोही कोणी पाडलेला नसतो. "साहेब, हा आधीपासूनच होता," हे वाक्य गॅरेजचा सुपरवायझर ज्या निर्विकारपणे उच्चारतो, त्यासाठी इतरांना बरीच साधना करावी लागते.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त सेक्शन ऑफिसर मात्र श्रद्धेच्या बाबतीत कच्चे आहेत. त्यांची करडी गाडी ऑइल बदलायला गेली आणि डावा मागचा दरवाजा आत घेऊन आली. पोचा चांगला वाटीएवढा, आणि त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचे पापुद्रे. सुपरवायझरने वरचं सनातन वाक्य म्हटलं. गृहस्थ काही न बोलता वर्कशॉपमध्ये शिरले. रॅम्पशेजारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा खांब होता आणि त्याच्या एका पिवळ्या पट्ट्यावर करडा रंग खरवडलेला होता. त्यांनी तिथलीच मोजपट्टी उचलून दोन्ही खुणांची जमिनीपासूनची उंची मोजली. तंतोतंत सारखी. मोबाइलवर फोटो काढले. सुपरवायझर क्षणभर खांबाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे खांबालाही आधीपासूनच होतं, साहेब."

यानंतर नेहमीच्या क्रमाने गॅरेजच्या दातृत्वाला बहर आला. आधी "रबिंग मारून देतो, दिसणार पण नाही." मग पुढच्या सर्व्हिसिंगवर दहा टक्के सूट, म्हणजे उरलेले तीन दरवाजे घेऊन पुन्हा याच खांबापाशी यायचं. आणि शेवटी हुकमाचं पान: "इन्शुरन्समध्ये टाकू ना, तुम्हाला काही त्रास नाही."

या 'काही त्रास नाही'चा हिशेब एकदा मांडूच. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एक क्लेम टाकला आणि त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल, तर तो थेट शून्यावर येतो. वर सक्तीची वजावट आहेच: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापुढे २,०००. म्हणजे धडक गॅरेजच्या पोऱ्याने मारायची, दुरुस्तीचं काम गॅरेजला मिळायचं, पैसे विमा कंपनीने द्यायचे आणि बोनस तुमचा जायचा. इतकं स्वच्छ अर्थशास्त्र अर्थसंकल्पातही सापडत नाही.

गृहस्थांनी नकार दिला, तेव्हा जॉब कार्ड उलटं करून दाखवण्यात आलं. मागे मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत छापलेलं: गाडी मालकाच्या जोखमीवर. हे वाक्य छापलं की गॅरेजमध्ये गाडी नव्हे, फक्त जोखीम उभी राहते, अशी या धंद्यातली समजूत आहे. १८७२ चा करार कायदा वेगळं म्हणतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली, की साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायची, असं कलम १५१ सांगतं. गाड्यांच्या आधी गॅरेजवाल्यांची सोय करून ठेवणारा इंग्रज दूरदर्शी म्हटला पाहिजे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीवर हीच जोखीम छापली होती. १९९८ मध्ये पाहुण्याची मारुती झेन भलताच माणूस घेऊन गेला. विमा कंपनीने पाहुण्याला पैसे दिले आणि हॉटेलला धरलं. आपल्या माणसांच्या निष्काळजीपणातून असं चिठ्ठी छापून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पण सांगितलं नोव्हेंबर २०१९ मध्ये. तोवर झेन बनायचीसुद्धा बंद झाली होती.

गॅरेजची सगळी भिस्त आहे ती याच वर्षांवर. कायदा आपल्या बाजूला नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याहून पक्कं हे ठाऊक असतं, की गिऱ्हाईकाला सोमवारी ऑफिस आहे.

पण पेन्शनरला सोमवार नसतो. शिवाय शहर पुणे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली ती याच गावात. गृहस्थांनी कंपनीच्या अधिकृत डीलरकडून दरवाज्याच्या दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट आणलं. फोटो, जॉब कार्डाची प्रत आणि एस्टिमेट जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली. फोनवर एक अक्षर बोलले नाहीत, कारण फोनवर कबूल केलेलंही नंतर 'आधीपासून' नसतं. नोटिशीत सभ्य भाषेत कळवलं होतं, की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, ती पूर्ण वापरायची आमची तयारी आहे. गॅरेजला उत्तर द्यायला तीस आणि फार तर वर पंधरा दिवस मिळतील, हेही. या आयोगात तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. ही विनोदी ओळ मात्र त्यांनी नोटिशीत घातली नाही.

आठवड्याभरात खुद्द मालकांचा फोन आला. आवाजात भलताच जिव्हाळा. पोरगं नवीन होतं, ट्रायलला गाडी मागे घेताना जरा लागलं असेल. दरवाजा डीलरकडेच करून घ्या, बिल आम्ही भरतो. "लेखी पाठवा," गृहस्थ म्हणाले. तेही आलं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट.

गाडं अडलं ते एकाच कलमावर. गाडी दुरुस्तीला असताना झालेला रिक्षाखर्चही गृहस्थांनी मागितला होता. मालक म्हणाले, "देतो की काका, पावत्या पाठवा." गृहस्थ तेव्हापासून गप्प आहेत. गॅरेजला वठणीवर आणणारा कायदा देशात आहे. पुण्याच्या रिक्षावाल्याकडून पावती मिळवून देणारा अजून संसदेत आलेला नाही.