आईची हरकत नाही ना?

कुवेतमध्ये आम्हां भारतीयांना घर विकत घेता येत नाही, ही या देशाची आमच्यावर मोठीच कृपा आहे. हवल्लीत महिन्याचं भाडं हारिसच्या, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराच्या, हातावर ठेवलं की मालकीचा विषय संपतो. मग घर घेण्याची हौस माणूस डोंबिवलीत भागवतो. शुक्रवारी दुपारी तूनिस स्ट्रीटच्या आसपास कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, ताकाच्या पेल्याबरोबर चौरस फुटाचा भाव निघतोच.

आम्हाला आवडलेला फ्लॅट आईनं मुलाला बक्षीसपत्र करून दिलेला होता. "साहेब, आईनं दिलेलं घर! टायटल गंगाजळासारखं," एजंट म्हणाला. ठाण्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "गंगाजळ राहू दे. कागद पाठवा."

कागद गेले आणि एका अनोळखी कुटुंबाच्या मायेची उलटतपासणी सुरू झाली. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा. त्याप्रमाणे घराचं बक्षीसपत्र नोंदलेलं हवं, त्यावर निदान दोन साक्षीदार हवेत आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्यानं ते स्वीकारलेलं हवं. "फुकटचा फ्लॅट नाकारणारा मुलगा डोंबिवलीत अजून जन्मायचाय," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "तरी लेखी हवं."

मग मुद्रांक. महाराष्ट्रात राहतं घर पोटच्या मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, अधिभार वेगळा. म्हणजे आमच्याकडचा एक दिनारही नाही! पण ही सवलत ठरावीक नात्यांनाच. भाच्याला 'मुलासारखा' म्हणून चालत नाही.

पुढचा प्रश्न : आईकडे घर आलं कुठून? वडिलांकडून. कसं? सोसायटीत नॉमिनी म्हणून. बाईंचा आवाज एकदम गंभीर झाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर मुलींचाही हिस्सा असतो. विकणाऱ्याला दोन बहिणी निघाल्या. त्यांचं नोंदलेलं हक्कसोडपत्र मिळेपर्यंत त्या भावाच्या राखीपौर्णिमेची काळजी मी हवल्लीत बसून केली.

एवढ्यात 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलानं सांभाळलं नाही, तर कलम 23 खाली ते बक्षीस रद्द होऊ शकतं. 2 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. आमच्या बक्षीसपत्रात तर आईला तहहयात राहण्याचा हक्कही होता. फ्लॅटबरोबर मॉड्युलर किचन मिळतं हे ऐकून होतो. आजी मिळते हे नवीन होतं.

बाईंनी तोडगा काढला : खरेदीखतात मुलगा 'लिहून देणार', मी 'लिहून घेणार' आणि आई 'संमती देणार', तिनं राहण्याचा हक्कही त्यातच सोडायचा. माझ्या वतीनं सासरे सही करणार, म्हणून दूतावासात मुखत्यारपत्र. ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करायचं. इकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिकडच्या कचेऱ्यांना शनिवार-रविवार. दोन्ही सरकारं एका वेळी जागी सापडतात ती सोमवार ते गुरुवार, त्यातही अडीच तास मागेपुढे.

शेवटी बाईंनी आजींना व्हिडिओ कॉलवर घेतलं. स्वखुशीनं संमती देताय ना, मुलगा सांभाळतो ना, पुढं राहणार कुठे, सगळं विचारून झालं. आजी म्हणाल्या, "मुलाचं काही नाही हो, सोन्यासारखा आहे. नव्या घरात माझी खोलीसुद्धा ठरलीय. पण मोरीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, ते तुम्हाला कुणी सांगितलं का?"

तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टात, इंडेक्स टूमध्ये, पेपरातल्या जाहीर नोटिशीत ही ओल कुठंच नव्हती. मागून मुलाचा "आई, अगं…" असा क्षीण आवाज आला. वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "आजी, आणखी काय काय?"

आजी पदर सावरून ऐसपैस बसल्या. मी भाव पुन्हा बोलायचं ठरवलं.