भुतांच्या बदल्या

कोकणातल्या गावांमध्ये लहान मुलांच्या सुरक्षेचे खाते पूर्वी भुतांकडे होते. पगार नाही, रजा नाही. वर्षातून एखादा नारळ किंवा कोंबडा मिळाला की मंडळी खूश. प्रत्येकाची हद्द ठरलेली. पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ, विहिरीत साती आसरा, वेशीवर वेताळ. शिवाय भर दुपारी बारा वाजता यांच्यापैकी कोणीही कुठेही फिरतीवर असू शकतो, अशी आजीची पक्की माहिती.

आता मे महिन्यात मुंबईहून येणारी नातवंडे या खात्याला दाद देत नाहीत. हडळ म्हटले की ती फोटो मागतात. त्यामुळे कोणत्या भुताने काय काम केले आणि कुठल्या जागा रिकाम्याच राहिल्या, याचा हिशेब मांडायला हरकत नाही.

दुपारची पाळी खरोखर कामाची होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण दर उन्हाळ्यात बजावते की दुपारी बारा ते तीन उन्हात जाणे टाळा. आजीच्या भुतांनी वेगळे काय सांगितले होते? मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता ते मोठ्यांपेक्षा लवकर ओढून घेते. घाम मात्र त्याला कमी येतो. त्यातून, आपली बॅटिंग बाकी असताना तहान लागल्याचे कबूल करणारा मुलगा अजून जन्मायचा आहे.

कोकणचा उन्हाळा तसा लबाडच. विदर्भात पारा ४५ वर गेला की मुलेही निमूट घरात बसतात. इथे तो ३५ दाखवतो, आणि नागपूरचे पाहुणे ‘ह्याला काय ऊन म्हणायचं?’ म्हणून हसतात. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळणारा घाम अंग थंड करत नाही, नुसता सदरा भिजवतो. हवामान खाते मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करते आणि किनारपट्टीवर ३७ पासूनच, ते उगाच नव्हे. म्हणून पाणी मागायची वाट न पाहता मुलाला हाक मारून पाजायचे. मीठ घातलेले पन्हे किंवा कोकम सरबत असेल तर हाक मारायचीही गरज पडत नाही. मात्र खेळता खेळता मूल बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले आणि अंग भाजत असेल, तर त्याला सावलीत न्यायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात पन्हे ओतायचे नाही, ते कितीही फक्कड जमलेले असो.

झाडांवरच्या नेमणुका मात्र साफ चुकल्या. चिंचेची फांदी चिवट. वाकेल, कुरकुरेल, पण सहसा दगा देणार नाही. तिथे हडळीचा कडक बंदोबस्त! जांभूळ आणि शेवगा ही खरी ठिसूळ झाडे. त्यांची फांदी आगाऊ सूचना न देता काडकन मोडते. त्यातून पिकलेली जांभळे लागणार नेमकी टोकाला. पण जांभळीवर राहणारे भूत कोणी ऐकलेले नाही. काजूच्या बागेतही तीच गत. ओल्या काजूच्या टरफलातला चीक कातडी भाजून काढतो. बी दातांनी फोडणारा वीर दुसऱ्या दिवशी ओठांवरून ओळखू येतो, त्यासाठी साक्षीदार लागत नाहीत.

आणि विंचू! चिऱ्यांचा ढीग, लाकूडफाटा, पडवीत रात्रभर पडलेले बूट हे त्याचे पत्ते. कोकणातला लाल विंचू आकाराने चिमुकला, पण लहान मुलाच्या थेट हृदयावर उठणारा. पूर्वी त्यावर मांत्रिक होता, म्हणजे दवाखान्याचे काम भुतांच्या खात्याकडे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा विंचूदंशाने माणसे डोळ्यांदेखत जात होती. रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध यावर चालते, हे त्यांनी पुढे रुग्णांच्या उशाशी बसून पडताळले आणि ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर कांदा चोळत बसायचे नाही, गाडी काढायची. आणि बूट घालण्याआधी ते उलटे करून आपटायचे. हे काम मुले आनंदाने करतात, कारण आवाज करण्याची अधिकृत परवानगी एवढ्या एकाच कामात असते.

गाडीवरून आठवले. अंगणात उन्हात उभ्या असलेल्या मामाच्या नव्या गाडीभोवती सबंध घराचा पहारा असतो, पण तो रेघोट्या पडू नयेत म्हणून. लपाछपीत लपायला मागची सीट किती उत्तम, हे फक्त मुलांच्या लक्षात येते. बंद काचांच्या गाडीत उन्हात दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापमान चढते, आणि आत लपलेले मूल हाक मारली तरी ओ देत नाही. तो तर खेळाचा नियमच आहे. गाडी कुलूपबंद आणि किल्ली खिशात, एवढे केले तरी पुरते. मामा एरवी किल्ली बोटावर फिरवत चारचौघांना दाखवत असतात, तेवढे त्यांनी आवरावे.

साती आसरांचे काम जरा उलटेच झाले. त्यांच्या धाकाने मुले विहिरीवर जायची थांबली नाहीत, फक्त सांगून जायची थांबली. त्यापेक्षा पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोराला विहिरीत ढकलणारे आजोबा परवडले, कारण ते काठावर उभे असत. आज काठावर उभा असणारा काका व्हिडिओ काढत असतो. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ‘वाचवा’ म्हणून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जात असताना श्वास पुरत नाही, ओरडणार कशाने? पुष्कळदा मिनिटभरात खेळ आटोपतो. तेव्हा नजर पाण्यावर, मोबाइल घरी, आणि हाताशी दोर किंवा बांबू. पोहता न येणाऱ्या शूराने उडी मारू नये, कारण मग दोघांना काढावे लागते.

राहता राहिला वळीव. वारा सुटला, आंबे टपटपू लागले की एरवी ‘बाहेर जाऊ नका’ म्हणणारी आजीच ओरडते, ‘पळा रे, नाहीतर पलीकडचे उचलून नेतील!’ आणि विजा चमकत असताना मुले गावातल्या सर्वांत उंच झाडाखाली जमतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप काढले आहे. आसपास वीज पडत असली तर ते इशारा देते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबावे, असा नियम आहे. आजोबांनी तो एकदा पलीकडच्या घरालाही मान्य करायला लावला. दोन्ही पडव्यांत पोरे उभी, मधल्या वाडीत आंब्यांचा सडा आणि दोन्ही आज्यांची नजर घड्याळावर. अठ्ठाविसाव्या मिनिटाला काहीतरी गडगडले. एका आजीच्या मते ती वीज, दुसरीच्या मते पुलावरून गेलेली साडेपाचची एसटी. वाद मिटेना, तेव्हा आजोबांनी अर्धा तास एसटीपासून पुन्हा मोजायला घेतला.